आरोपीचा वकील नक्की कोणाच्या बाजूने उभा असतो?

एखादा गुन्हा गाजतो. तोंडावर काळं फडकं टाकलेला आरोपी पोलिसांच्या गाडीतून उतरतो, बाहेर लोक घोषणा देत असतात, आणि त्याच्यापाठोपाठ काळा कोट घातलेला एक माणूस कोर्टात शिरतो. दुसऱ्या दिवशी चर्चा आरोपीइतकीच त्या काळ्या कोटाचीही होते. 'याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होतंच कसं?' असं विचारणारी माणसं दुष्ट नसतात. ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दलची त्यांची कळकळ खरी असते. आणि हीच माणसं रात्री बचाव पक्षाच्या वकिलाची मालिका लागली, की त्याने खटला जिंकावा म्हणून जीव मुठीत धरून बसतात.

एकाच कामाचा दिवसा तिटकारा आणि रात्री कौतुक, हे कसं काय? मला वाटतं, याचं उत्तर मालिकांच्या साच्यातच आहे. ते नीट समजलं, तर आपल्या कोर्टांत रोज काय चालतं तेही समजायला सोपं जाईल.

मालिकेतल्या वकिलाचा अशील निर्दोषच निघतो

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर १९५७ ते १९६६ या काळात 'पेरी मेसन' ही मालिका चालली. एकूण २७१ भाग. रेमंड बर या नटाने साकारलेला लॉस एंजेलिसचा हा वकील जवळजवळ कधीच हरत नसे. दर भागात एक खून, भलत्याच माणसाला अटक, त्याच्याविरुद्ध भक्कम दिसणारा पुरावा, आणि शेवटच्या काही मिनिटांत खरा खुनी भर कोर्टात कोसळून कबुली देणार. पुढे जगभरच्या कोर्टकथांनी हा साचा उचलला. आपल्याकडे २०१९ साली आलेली 'क्रिमिनल जस्टिस' मातीच्या बरीच जवळची आहे. पंकज त्रिपाठी यांनी रंगवलेला माधव मिश्रा पोलीस ठाण्याच्या आवारात अशील शोधत फिरणारा साधा वकील आहे, आणि मालिका तुरुंगाच्या आतही नेऊन आणते. पण तिथेही आपला जीव गुंततो तो 'हा पोरगा निर्दोष असू दे' या आशेतच.

हा साचा आपल्या मनावर दोन गोष्टी बिंबवतो. चांगला वकील निर्दोष माणसाचंच वकीलपत्र घेतो, ही एक. आणि खरा गुन्हेगार शोधून काढणं हे त्याचं काम आहे, ही दुसरी. कोर्टात यातलं काहीच खरं नाही. वकिलाला पुष्कळदा अशिलाने काय केलं ते ठाऊकच नसतं, आणि खरा गुन्हेगार कोण हे सांगण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेलीही नाही. तपास पोलिसांनी करायचा असतो. बचावाच्या वकिलाने तो तपास तपासायचा असतो.

गवंड्याचा ओळंबा आठवून बघा. दोरीला टांगलेलं ते वजन भिंत बांधत नाही आणि पाडतही नाही. ते भिंतीशेजारी सरळ लोंबत राहतं. भिंत वाकडी असेल तर ते दिसतं. पोलिसांनी आणि सरकारी वकिलाने पुराव्याची भिंत उभी केली, की बचावाचा वकील तिला ओळंबा लावतो. भिंत सरळ असेल तर ती उभी राहते, आणि त्या घरात आपण निर्धास्त राहू शकतो.

खटला कोण कोणाविरुद्ध लढतं?

पुष्कळांचा समज असतो की फौजदारी खटला म्हणजे फिर्यादी आणि आरोपी यांचं भांडण. प्रत्यक्षात खटल्याच्या नावातच 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असं असतं. फिर्यादी हा त्यातला एक साक्षीदार. लढतं ते राज्य. राज्याकडे पोलीस आहेत, अटकेचा अधिकार आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, पगारी वकील आहेत. समोर एकटा माणूस, आणि तोही अनेकदा कोठडीत. त्याला बाहेर जाऊन साक्षीदार शोधता येत नाहीत, जागा बघता येत नाही, साधा फोनही मनात आला तेव्हा करता येत नाही.

हा तोल इतका एकतर्फी आहे म्हणूनच संविधानाने दुसऱ्या पारड्यात काही गोष्टी ठेवल्या. अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. त्याच अनुच्छेदाने, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक केलं. अनुच्छेद २० सांगतो, की कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही.

बाकी डोलारा 'सिद्धतेचा भार' या एका कल्पनेवर उभा आहे. जो आरोप करतो त्यानेच तो सिद्ध करायचा, एवढाच तिचा अर्थ. समजा, शेजारचा माणूस म्हणाला, 'पाच वर्षांपूर्वी मी तुला वीस हजार रुपये हातउसने दिले होते.' तुम्ही ते घेतलेच नव्हते. आता न घेतल्याचा पुरावा कुठून आणणार? न घडलेल्या गोष्टीची पावती नसते. म्हणून चिठ्ठी, साक्षीदार, बँकेची नोंद जे काही असेल ते त्यानेच दाखवायचं, हे आपल्याला लगेच पटतं. खुनाच्या आरोपालाही हाच न्याय लागतो. फरक इतकाच, की इथे वीस हजारांच्या जागी माणसाचं उरलेलं आयुष्य असतं.

'असेल' आणि 'असलाच पाहिजे'

सिद्ध करायचं म्हणजे किती? फौजदारी खटल्यात 'वाजवी संशयापलीकडे'. वाजवी संशय म्हणजे पुरावा पाहून एखाद्या समंजस माणसाच्या मनात उरणारी खरीखुरी शंका. 'एखाद्या जादूगाराने खून केला असेल' ही वाजवी शंका नव्हे. 'साक्षीदार म्हणतो तिथून घराचं दारच दिसत नाही' ही आहे.

शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट फार नेमकी सांगितली. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांच्यातलं अंतर लांबचं आहे, आणि ते अंतर अंदाजाला ठाम निष्कर्षापासून वेगळं करतं, असा त्या निकालाचा आशय. आपण बातमी वाचून जे मत बनवतो ते बहुतेक वेळा 'असेल'च्या काठावरचं असतं. शिक्षा मात्र पलीकडच्या काठावर पोहोचल्याशिवाय द्यायची नाही. आरोपीच्या वकिलाचं निम्मं काम म्हणजे मधली ही नदी न्यायाधीशांच्या नजरेसमोर ठेवणं.

डोळ्यांनी पाहणारा साक्षीदारच नसेल तर? शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे पुण्यातलं प्रकरण अशाच पुराव्याचं होतं. १९८४ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या एकत्र मांडल्या आणि त्यांना 'पंचशील' म्हटलं. त्यांचं सार असं, की घटनांची साखळी पूर्ण हवी आणि ती आरोपीच्या अपराधाखेरीज दुसऱ्या कुठल्याही शक्यतेला जागा ठेवणारी नसावी. लोक परिस्थितीजन्य पुराव्याला दोरासारखा समजतात: दहा धागे एकत्र वळले, त्यातला एक तुटला तरी काय बिघडलं? कोर्ट त्याला विहिरीत सोडलेली साखळी समजतं. एक कडी उघडी राहिली तर बादली तळाशी जाते, बाकीच्या नव्व्याण्णव कड्या कितीही जाड असोत. त्या कसोट्यांवर त्या खटल्यातला आरोपी सुटला. आज देशभर परिस्थितीजन्य पुराव्यावरचा खटला क्वचितच असा असेल ज्यात हा निकाल कोणी ना कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणूनच 'निर्दोष सुटला' या शब्दांनी फसायला होतं. पुष्कळदा त्यांचा अर्थ 'याने केलंच नाही' असा नसून 'दोष सिद्ध झाला नाही' एवढाच असतो. यालाच संशयाचा फायदा म्हणतात.

नाणं वाजवून बघायचं: उलटतपास

मालिका आणि कोर्ट यांच्यात सगळ्यात जास्त अंतर कुठे असेल तर ते उलटतपासात. ज्याने बोलावलं त्या बाजूचा वकील साक्षीदाराला आधी विचारतो तो सरतपास, आणि त्यानंतर विरुद्ध बाजूचा वकील विचारतो तो उलटतपास.

पडद्यावर वकील येरझाऱ्या घालतो, साक्षीदाराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडतो, साक्षीदार घामाघूम होतो. खऱ्या कोर्टात तो आपल्या जागेवरून, शांतपणे, बारीकसारीक विचारत असतो. घटना रात्री नऊची. रस्त्यावरचा दिवा चालू होता का? घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिव्याच्या खांबाची नोंद का नाही? तुम्ही पोलिसांना जबाब दिला तो घटनेनंतर किती दिवसांनी? त्या जबाबात आरोपीच्या हातात कोयता होता असं आलेलं नाही, मग आज कोर्टात ते पहिल्यांदा कसं सांगता? पंच म्हणून सही केलीत तेव्हा कागदावर मजकूर होता का? याआधी याच पोलीस ठाण्यासाठी कितीदा पंच झाला आहात? प्रत्येक प्रश्न एक लहानसा खिळा असतो. उत्तर आलं की न्यायाधीश ते लघुलेखकाला सांगून नोंदवून घेतात, त्यामुळे सगळं संथ चालतं. शेवटी वकील आपली बाजू साक्षीदारासमोर ठेवतो, 'तुम्ही त्या वेळी तिथे नव्हताच', आणि नोंद होते: 'मी तेथे हजर नव्हतो, असे म्हणणे खरे नाही.' टीव्हीवर कोणी हे पाच मिनिटंही बघणार नाही. पण माणसं याच्यावर सुटतात, आणि याच्यावरच फासावरही जातात.

आपल्याकडे ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, नाही, त्यामुळे भाषण ठोकून कोणाला रडवण्यात अर्थ नसतो. १९५९ साली नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं होतं. उच्च न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती नाही. निकाल न्यायाधीश देतात आणि कारणं लिहून देतात.

मालिकेत ऐन वेळी दरवाजा उघडून येणारा साक्षीदारही इथे जवळजवळ अशक्य. पोलीस दोषारोपपत्रासोबत साक्षीदारांची यादी आणि जबाब देतात, आणि त्यांच्या प्रती आरोपीला फुकट द्याव्या लागतात. कोणाविरुद्ध काय बोललं जाणार आहे हे त्याला आधी कळलंच पाहिजे. न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा नसतो. साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे तो ईश्वराच्या नावाने शपथ घेतो, किंवा ईश्वर मानत नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो.

आणि सरकारी वकील आरोपीला पिंजऱ्यात उभा करून 'सांग, का मारलंस तिला?' असं गरजतो, ते तर आपल्याकडे होतच नाही. साक्षी संपल्या की न्यायाधीश स्वतः आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेली एकेक गोष्ट सांगून त्यावर त्याचं म्हणणं विचारतात, तेही शपथेशिवाय. शपथेवर साक्ष द्यायची असेल तर आरोपीने स्वतः तसं लेखी मागावं लागतं. तो गप्प राहिला म्हणून त्याच्या गप्प राहण्यावर बोट ठेवता येत नाही.

'पण वकिलाला माहीत असलं, की यानेच केलंय, तर?'

हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे.

बार काउन्सिल ऑफ इंडियाचे व्यावसायिक आचरणाचे नियम यावर थेट बोलतात. अशिलाच्या अपराधाबद्दल स्वतःचं मत काहीही असलं तरी वकिलाने आरोपीचा बचाव करावा, कारण त्याची निष्ठा त्या कायद्याशी आहे जो पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही दोषी ठरवू देत नाही, असं तो नियम सांगतो. निष्ठा कायद्याशी. लेखाच्या मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

याचा अर्थ वकिलाला काहीही करायची मोकळीक आहे असा नाही. खोटा साक्षीदार पढवून उभा करणं, बनावट कागद दाखल करणं, साक्षीदाराला धमकावणं किंवा फितवणं हे गुन्हेच आहेत, मग ते काळ्या कोटातल्या माणसाने केले तरी. अशिलाने 'होय, मीच केलं' असं सांगितल्यावर 'दुसऱ्याने केलं' अशी रचलेली गोष्ट कोर्टापुढे मांडणं हे वकिलीच्या नीतीत बसत नाही. पण 'तुम्ही म्हणता ते तुमच्या पुराव्याने सिद्ध करा' हे तो तेव्हाही म्हणू शकतो. आणि तसं म्हटल्याने खोटं काही बोललं जात नाही.

अशील जे विश्वासाने सांगतो ते वकिलाने उघड करायचं नाही, असं साक्षीचा कायदाही सांगतो. त्यालाही मर्यादा आहे: पुढे करायच्या बेकायदा कामासाठी घेतलेला सल्ला या संरक्षणात येत नाही. झालेल्या गोष्टीबद्दल मन मोकळं करता येतं. 'आता पुरावा कसा नष्ट करू' हे विचारून लपता येत नाही. हे संरक्षण नसतं तर कोणी वकिलाशी खरं बोललंच नसतं, आणि अर्धवट माहितीवर चालवलेला बचाव निर्दोष माणसालाही बुडवतो.

शिवाय 'केलं की नाही' एवढाच प्रश्न क्वचित असतो. मारलं हे मान्य, पण ठरवून मारलं की झटापटीत? तो खून आहे की सदोष मनुष्यवध? स्वसंरक्षण होतं का? आरोपीचं वय घटनेच्या दिवशी अठराच्या आत होतं का? फाशी की जन्मठेप? कबुलीनंतरही वकिलापुढे एवढी कामं शिल्लक असतात.

पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीबद्दल लोक नेहमी विचारतात. 'गुन्हा कबूल केला' अशी बातमी येते आणि आपल्याला वाटतं विषय मिटला. पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातही होता आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कोठडीच्या बंद दाराआड कबुली कशी मिळू शकते याची जाणीव त्यामागे आहे. कबुलीतून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्या सापडण्यापुरता भाग वापरता येतो.

'ठराव करून सगळ्या वकिलांनी नकार दिला तर?'

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत हेच घडलं. कसाबचा खटला कोणी घेऊ नये असा ठराव झाला. कोर्टाने एका महिला वकिलाची नेमणूक केल्यावर त्यांच्या घरावर जमाव गेला. त्या शहराने जे सोसलं होतं ते बघता राग समजू शकतो. पण वकिलाशिवाय चाललेल्या खटल्याचा निकाल उभाच राहिला नसता. अखेर त्याला वकील मिळाला, ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायालयमित्र, म्हणजे कोर्टानेच मदतीला नेमलेला वकील, म्हणून त्याची बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम झाली.

या खटल्यातली एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाही. त्याच ३ मे २०१० ला, त्याच न्यायाधीशांनी, त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी निर्दोष सोडले. त्यातल्या एकाने काढल्याचा आरोप असलेला नकाशा ठार झालेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्या माणसाचे कपडे रक्ताने माखलेले होते, आणि नकाशावर ना डाग होता ना नीटशी चुरगळ. तो पुरावा टिकला नाही, आणि दोघांची सुटका वर सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. देश संतापाने पेटलेला असताना एका कागदाला उजेडात धरून 'याच्यावर रक्त का नाही?' असं विचारणारं कोणीतरी तिथे होतं.

अशा ठरावांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये, ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात स्पष्ट सांगितलं: कुठल्याही आरोपीचा बचाव करायचा नाही असे वकील संघटनांचे ठराव संविधानाविरुद्ध आहेत आणि ते रद्दबातल समजावेत. एखाद्या वकिलाला व्यक्तिगत अडचण असू शकते, तो विशिष्ट कारणाने नाही म्हणू शकतो. सगळ्यांनी मिळून दार लावून घेता येत नाही.

'पुरावा इतका स्पष्ट असताना कसला बचाव?'

महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगतो. २००३ साली एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. खून, बलात्कार, दरोडा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांनाच फाशी सुनावली. तीन पायऱ्या, तिन्हींवर दोषी. यापेक्षा स्पष्ट काय असणार?

मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या घरातल्या वाचलेल्या स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपास पुढे नेलाच गेला नव्हता. ती नोंद पोलिसांच्या कागदांत होती. ती उजेडात नीट यायला सोळा वर्षं लागली. गुन्हा घडला तेव्हा सहांपैकी एक जण तर अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

हे वाचताना माझं मन त्या सोळा वर्षांवरून हलत नाही. आणि त्या चौघांवरूनही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि ज्या कुटुंबावर घाला पडला त्यालाही न्याय मिळत नाही. आरोपीच्या वकिलाने पहिल्याच कोर्टात एक कागद नीट धरून बसणं हे त्या कुटुंबाच्याही हिताचं होतं.

'मग खरे गुन्हेगार सुटतात, त्याचं काय?'

सुटतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बोबडे निकालाचा वर उल्लेख केला त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं आहे, की संशयाच्या फायद्याची अतिरेकी भक्ती करू नये. प्रत्येक फुसक्या शंकेवर माणसं सुटत गेली तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. मला ते पटतं.

पण सुटकेमागची कारणं बघितली, तर ओळंब्यापेक्षा भिंतीचा दोष जास्त दिसतो. पंचनामा घटनास्थळी न लिहिता ठाण्यात बसून लिहिलेला. मुद्देमालाचं सील कधी लावलं याची नोंद नाही. साक्षीदार वर्षानुवर्षं तारखांना येऊन थकलेला, किंवा कोणी दमात घेतल्यामुळे फितूर झालेला. 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' म्हणतात तेव्हा तो मुद्दा बहुतेक वेळा असाच असतो. सील नसेल तर पुडीतली वस्तू तीच आहे हे कशावरून? याला मी तांत्रिक म्हणणार नाही.

काही कायद्यांत भार आरोपीकडे वळवलेलाही आहे. अमली पदार्थ, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांबाबतच्या कायद्यांत काही मूळ गोष्टी सिद्ध झाल्या की पुढचं आरोपीने खोटं ठरवायचं असतं. विवाहानंतर सात वर्षांच्या आतल्या हुंडाबळीतही तसंच. तिथे वकिलाचं काम आणखी अवघड होतं.

काही गोष्टी मात्र मला खरोखर खटकतात. पैसेवाला आरोपी तारखांमागून तारखा पाडून खटला सडवतो, हे अन्यायाचं आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला उलटतपासात पुन्हा एकदा भाजून काढणं हेही. तिच्या चारित्र्याबद्दल आणि आधीच्या संबंधांबद्दल प्रश्न विचारायला कायद्याने मनाई आहे. ती मनाई पाळली जाते की नाही हे न्यायाधीशांच्या जागरूकतेवर अवलंबून राहतं. पीडितालाही आता पूर्वीपेक्षा जास्त जागा आहे. त्याला सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो, भरपाई मागता येते, आणि २००९ साली मिळालेल्या अधिकारामुळे आरोपीच्या सुटकेविरुद्ध स्वतः अपीलही करता येतं.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा वकील कोण?

मालिकेतला वकील पुराव्यासाठी रात्री-अपरात्री हिंडतो. आपल्या तुरुंगातल्या बहुतेकांनी असा वकील कधी पाहिलेला नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशी. चारातले तीन. दोष सिद्ध होण्याआधीच.

१९७६ मध्ये संविधानात मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व आलं. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते जगण्याच्या हक्काशी जोडलं. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात तर आरोपीला मोफत वकील मिळू शकतो हे सांगितलंच नव्हतं, एवढ्या कारणावरून शिक्षा रद्द झाली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, लागू झाला १९९५ मध्ये. त्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मागताना उत्पन्नाची अट नाही. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींसाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

घरातल्या कोणाला अटक झाली तर हे पहिल्याच दिवशी माहीत असावं लागतं. कारण सर्वात मोलाची वेळ असते ती पहिल्या रिमांडची, म्हणजे आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर नेऊन कोठडी मागतात ती. चार-पाच मिनिटांचं काम. अटकेची कारणं सांगितली का, मारहाण झाली का, कोठडी हवीच कशासाठी, हे विचारणारं कोणी तिथे हवं. पुढे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, तोही वेळेवर मागावा लागतो, आणि दिवस मोजणारं कोणी नसेल तर तो निसटतो.

पहिल्यांदा समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला 'तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने देऊ' हे दंडाधिकाऱ्यांनी आपणहून सांगावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना पुन्हा एकदा बजावून दिला, तो २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात. कसाबची फाशी कायम करणाऱ्या निकालात.